पुतळ्याचा उजवा पाय

माझा हात लवकर उठतो. आता पन्नाशी जवळ आलीय, ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, तरी एसटीच्या रांगेत कोणी मध्ये घुसला की आधी मूठ वळते आणि मग तोंड उघडतं. कौतुकाने सांगत नाही. बापसाकडून आलेलं आहे, त्याने दुसरं काही मागे ठेवलंही नाही. तो मासळी बाजारात बर्फाच्या लाद्या फोडायचा आणि घरी आला की आम्हाला. आईने त्याचा मार एकवीस वर्षं खाल्ला. तो गेला तेव्हा ती रडली नाही. दिवस झाले त्या दिवशी तिने त्याचा बर्फ फोडायचा टोचा उचलला, परसातल्या विहिरीत टाकला आणि मला म्हणाली, "आता या घरात कोणाचा हात उठायचा नाय. ऐकलंस काय?"

ऐकलं. घरात नाही उठला. बाहेर उठत राहिला.

आमच्या चौकात महाराजांचा पुतळा आहे. ब्राँझचा, उभा, एक हात तलवारीवर, जांभ्या दगडाच्या पुरुषभर उंच चौथऱ्यावर. दोन हजार साल नुकतंच लागलं होतं तेव्हाची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला आणि उरलेला सगळा वेळ चौकातल्या मंडळात. जयंती तारखेने करायची की तिथीने, यावरून त्या काळात गावोगाव डोकी फुटत होती. आमचं मंडळ तिथीवालं, खालच्या आळीतलं तारीखवालं. म्हणजे एकाच पुतळ्याची जयंती वर्षातून दोनदा आणि मारामारीही दोनदा. आदल्या वर्षी हार आधी कोणी घालायचा यावरून मी एकाचे पुढचे दोन दात पाडले, आणि त्याच्या भावाने माझ्या भुवईवर सोड्याची बाटली फोडली. खूण अजून आहे. आम्हाला वाटायचं आपण महाराजांसाठी लढतोय. महाराजांच्या खांद्यावर तेव्हा कावळे बसलेले असायचे.

त्या कावळ्यांवरून आई मला रोज धारेवर धरायची. आंब्याच्या मोसमात ती फॅक्टरीत फोडी काढायला जायची, इतर वेळी दोन घरची धुणी. कामावरून येताना वाट वाकडी करून चौकात जायची, चप्पल काढून पुतळ्यासमोर हात जोडायची आणि मग घरी येऊन मला झाडायची.

"तुमच्या मंडळात माणसं किती?"

"शंभर तरी."

"शंभर! आणि त्यांतल्या एकाला फडकं गावत नाय? महाराजांच्या पावलांवर कावळ्यांनी घाण करून ठेवलीय, बोटांना हिरवं धरलंय, आणि तुम्ही ढोल बडवा. लाज नाय वाटत, मेल्यांनो?"

तिथीच्या आदल्या दिवशी पुतळा धुवायचा ही आमची पद्धत, आणि त्या वर्षी पाळी माझी होती. लायटिंगसाठी बांबूंची परांची आधीच बांधून झाली होती. बालदी, ब्रश, साबण सगळं मंडळाच्या शेडमध्ये तयार होतं. पण सकाळी खेडहून निरोप आला की ठरलेले ढोलवाले ऐन वेळी नाही म्हणतायत. झालं, माझं डोकं फिरलं. मी खेडची गाडी पकडायला निघालो. जाताना आईला म्हटलं, "संध्याकाळी आल्यावर धुतो."

"तू धुतोस आणि मी बघत्ये," ती म्हणाली.

खेडला मी ढोलवाल्यांच्या म्होरक्याची गचांडी धरली, भिंतीला टेकवला आणि येतोस की नाही ते विचारलं. येतो म्हणाला. मी खूश. परतीच्या गाडीत मस्त झोप काढली.

पाच वाजता रत्नागिरीच्या स्टँडवर उतरलो तर दुकानांची शटरं खाली. रस्त्यावर एक टायर जळत होता आणि त्याचा काळा धूर समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांत शिरत होता. ओळखीचा एक पोरगा धावत माझ्याकडे आला. "आहेस कुठे तू? महाराजांच्या पायावर ॲसिड टाकलंय कोणीतरी!"

मी धावत सुटलो. चौकात तीनेकशे माणूस जमला होता. गर्दी फाडत पुढे गेलो आणि बघितलं. उजवा पाय घोट्यापर्यंत चकाकत होता, नव्या पातेल्यासारखा, आणि बाकी सगळा पुतळा काळा-हिरवा. त्या पायाखालून चौथऱ्यावर लाल ओघळ उतरले होते, थेट जमिनीपर्यंत. उन्हाने कडेकडेला काळे पडलेले. रक्त सुकल्यावर दिसतं तसेच. धुवायची पाळी आज माझी होती, आणि मी इथे नसताना हे झालं, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. कोणाला तरी फोडल्याशिवाय ते थांबणार नव्हतं.

आधी दगड खालच्या आळीकडे गेले. फळांच्या दोन गाड्या उलटल्या, कलिंगडं रस्त्यावर फुटली. चिपळूणकडून येणाऱ्या एसटीची पुढची काच फुटली, आतल्या बायका किंचाळल्या. मीसुद्धा दोन दगड मारले. कोणाला लागले बघितलं नाही. आणि मग कोणीतरी ओरडलं, "पेंटर! दुपारी इथे पेंटर होता!"

हा पेंटर गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मूळचा गुहागरच्या बाजूचा, चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, कानावर कायम एक ब्रश. आमच्या मंडळाची पाटी त्यानेच रंगवलेली. त्यावर काढलेल्या महाराजांचे डोळे असे जमले होते की आम्ही त्याला खांद्यावर घेऊन चौकाला फेरी मारली होती. त्या दिवशी तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या शटरवर लाल अक्षरं काढत होता. आमच्याकडे दुपारी एक ते चार सगळं गाव जेवून आडवं होतं, दुकानं बंद. त्या वेळात चौकात हा एकटाच होता, हे खरंच होतं. आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते.

त्याला ओढत पुतळ्याखाली आणला. तो घाबरला होता, पण बोलत नीट होता. "अहो, माझा हा ऑइलपेंट आहे. सुकला तरी चमकतो. तो ओघळ बघा जरा, तो रंगच नाही. हात लावून बघा ना कोणीतरी! वास तरी घ्या!"

कोणी हात लावला नाही. चौथरा दहा पावलांवर होता. तीनशे माणसांतल्या एकाने बोट फिरवून नाकाला लावलं असतं तर तिथल्या तिथे संपलं असतं. मी सगळ्यात पुढे होतो. मला जमलं असतं.

त्याची पिशवी कोणीतरी उपडी केली. ब्रश पडले, सुतळी पडली, आणि एक निळ्या रंगाचा डबा पडून त्याचं झाकण उडालं. निळा रंग रस्त्यावर पसरला. एप्रिलातल्या जयंतीला त्याच्या वाडीतली कमान रंगवायला त्याने तो घेतला होता.

"आता कळलं," माझ्या मागून कोणीतरी म्हणालं.

काय कळलं ते कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती, आम्हा सगळ्यांना कळलं होतं. नंतर वर्षानुवर्षं आम्ही चौकात सांगत राहिलो की त्याच्या हाताला लाल रंग होता म्हणून लोक बिथरले. तसं नाही. लाल हातांसाठी त्याला शिव्या आणि दोन-चार थोबाडीत बसल्या होत्या. निळा डबा निघाला तेव्हा लाथा सुरू झाल्या. मी तिथे होतो, म्हणून सांगतो.

परांचीपाशी झेंड्याचा लोखंडी पाइप पडला होता. मी उचलला. मी पाइप फिरवला तेव्हा त्याने डोकं वाचवायला उजवा हात वर केला. पहिला फटका मनगटाच्या वर बसला आणि सुका बांबू मोडावा तसा आवाज आला. तो आवाज ऐकूनही मी थांबलो नाही. दुसरा मारला. तो गुडघ्यावर आला, निळ्या रंगात, आणि त्याने तोल सावरायला निळ्याने माखलेल्या डाव्या हाताने माझी बाही धरली. ती सोडवण्यासाठी मी तिसरा मारला, जमिनीला टेकलेल्या उजव्या हाताच्या बोटांवर. त्याचं तोंड रक्ताने भरलं होतं. डोळे मिटलेले होते, निदान मला तसे वाटले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? चौकात आल्यापासून छातीत जे अडकलं होतं ते मोकळं झालं. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मग पोलिसांची गाडी आली, लाठ्या सुरू झाल्या आणि आम्ही वाट फुटेल तिकडे पळालो.

दिवेलागणीला घरी पोचलो. आई भाकऱ्या थापत होती. मी मोरीत तोंड धुतलं आणि पाटावर बसून ऐटीत सांगितलं, "धरला आये एकाला. बराच फोडला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? महाराजांच्या पायावर ॲसिड टाकलं त्याने. लाल काहीतरी ओतलं वरून."

तिचा थापता हात थांबला. "कुठच्या पायावर?"

"उजव्या."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिने उलटली नाही. मग म्हणाली, "अरे, ते आगळ हाय. दुपारी मी घासला तो पाय."

आईचं माहेर आंजर्ल्याजवळचं. तिथून दरवर्षी रातांब्याचा खारवलेला रस, म्हणजे आगळ, बाटल्या भरून यायचं. सोलकढीला एक बाटली, आणि जुनं झालेलं देवाच्या भांड्यांना. समया, ताम्हन, घंटा, सगळं ती आगळ आणि राख लावून काथ्याने घासायची आणि ती भांडी लख्ख निघायची. पुतळाही तिने तसाच घासायला घेतला. भर दुपारी, माणूस नाही काणूस नाही अशा वेळी, पदर खोचून ती परांचीवर चढली. एक पाय झाला. नेलेलं कळशीभर पाणी तेवढ्यातच संपलं. पलीकडच्या एका दुकानाचं कुलूप निघाल्याचा आवाज आला, आणि बाईमाणूस असं वर चढलेलं कोणी बघेल म्हणून ती लाजून उतरली. ओघळ उद्या धुऊ, दुसरा पायही उद्या करू, असं म्हणून घरी आली. पेंटर शटरकडे तोंड करून काम करत होता. त्याने तिला बघितलंही नव्हतं.

"कोणाला धरलात?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"त्याचं काय झालं?"

"हात मोडला म्हणतात."

"कोणी मोडला?"

"लोकांनी. मी लांब होतो, आये. मी काय नाय केलं."

तिने माझ्या बाहीकडे बोट केलं. "हे काय मग?"

बाहीवर निळी बोटं उठली होती. चार आणि एक अंगठा. "मिरकरवाड्याच्या बंदरात होडीला टेकलो. रंग ओला होता," मी म्हटलं.

खेडहून येणारी गाडी मिरकरवाड्यावरून कधी येते? आणि होडीला बोटं कुठे असतात? पण तिने विचारलं नाही. "काढ. रॉकेलात भिजत घालत्ये," एवढंच म्हणाली. मी शर्ट काढून दिला आणि तिचे पाय धरले. "आये, तोंड उघडू नकोस. तू होतीस असं कळलं तर जिवंत सोडायचे नाहीत." ती "बरं" म्हणाली. मला वाटलं तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी तिथी. मिरवणूक रद्द झाली होती, चौकाभोवती पोलिस होते, आणि चारपाच मोजक्या माणसांनी दुधाचा अभिषेक करायचा असं ठरलं होतं. बघायला मात्र सगळं गाव कडेने उभं. दहाच्या सुमारास गर्दीतून आई पुढे आली. हातात बाटली, पाण्याचा तांब्या आणि काथ्या. पोलिसाने "ओ बाई" म्हणेपर्यंत ती परांचीवर होती. या वेळी तिने पदरही नीट खोचला नव्हता.

तिने डाव्या पायावर अर्धी बाटली ओतली. लाल ओघळ पुन्हा चौथऱ्यावरून उतरले आणि गर्दी एकदम हुंकारली. तिने काथ्याने चार हात मारले, ओंजळभर पाणी टाकलं, आणि पाय चकाकला. मग तिने उरलेलं आगळ तळहातावर घेतलं आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकलं.

"बघितलंत? हे तुमचं ॲसिड," ती ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. "घराघरांत सोलकढी करता ना? मग ओळखलं कसं नाय कोणी? काल मी घासला हा पाय. मी. त्या पेंटरचा हात मोडलात, तो दवाखान्यात पडलाय. आता मला मारा! का? आज हात उठत नाय?"

एक दगड आला. मोठा नव्हता. तिच्या खांद्याला लागून खाली पडला.

"हां, असा," ती म्हणाली. "आता दुसरा."

दुसरा आला नाही. पोलिस दगड आला त्या बाजूला धावले. आणि मी, रांगेत घुसणाऱ्याची कॉलर धरणारा, मी माझ्या आईला दगड लागलेला बघितला आणि जागचा हललो नाही. हललो असतो तर पोलिसांनाही कळलं असतं की ही याची आई. आणि मग कालचा पाइप कोणाच्या हातात होता तेही कोणीतरी बोललं असतं.

"पेंटरला कोणी मारला त्याने हात वर करावा," ती म्हणाली. "पुरुष असाल तर करा."

एकही हात वर झाला नाही. तिची नजर एका टोकाकडून फिरत आली. माझ्या तोंडावरून गेली आणि थांबली नाही. मला हायसं वाटलं. तिला माहीत नाही, असं मी मनाशी म्हटलं. माझे दोन्ही हात खिशात होते.

तारीखवाले आणि तिथीवाले दोघेही माना खाली घालून आपापल्या घरी गेले. पेंटरच्या जबाबात आलं की मारणारे दिसले नाहीत, गर्दी होती. ते कळलं त्या दिवशी मी पोटभर जेवलो. आई रोज पेज आणि माशाचं कालवण घेऊन दवाखान्यात जायची, तो घरी जाईपर्यंत. एकदा मी विचारलं, "माझा तो शर्ट कुठाय?"

"डाग निघत नव्हता. टाकला," ती म्हणाली.

पेंटरचा हात जुळला, पण तीन बोटं वाकडी राहिली, मूठ वळेना. काही महिने तो दिसला नाही. मग डाव्या हाताने पाट्या रंगवू लागला, अक्षरं जरा कललेली. पुढे फ्लेक्स आले आणि दुकानांच्या पाट्यांचं काम बसलंच. तेव्हा तो बंदरावर होड्यांची नावं रंगवायला लागला, फ्लेक्स काही होडीला चालत नाही. मी त्याला लांबून बघायचो आणि रस्ता बदलायचो. मारामाऱ्याही कमी झाल्या माझ्या. सुधारलो म्हणून नाही. पाइप, दांडका, काहीही हातात घेतलं की तो आवाज यायचा.

मंडळ मी सोडलं. पण दर वर्षी तिथीला आई मला घेऊन पुतळ्यावर जायचीच. सकाळी, गर्दी व्हायच्या आधी. पुतळ्याला मध्ये कोणी जाणकार आणून काळा लेप दिला होता, तरी दोन्ही पाय उजळ दिसायचे. लोक तिथेच हात लावून नमस्कार करायचे, त्याने आणखीच घासले जायचे. आई खाली उभी राहून हात जोडायची, चप्पल घालायची आणि मला विचारायची, "आणखी कुठे जायचं राहिलंय काय तुझं?"

"नाही गो, कुठे जायचंय?" मी म्हणायचो. मग ती मला म्हणायची, तू हो पुढे, मला बाजार करायचाय. मी घरी यायचो. दर वर्षी हेच. माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी पुतळ्यावर आम्ही दोघंच जायचो, आणि चप्पल घालताना ती तेच विचारायची. मला वाटायचं, वयाने होतं असं, एकच एक विचारतात माणसं.

आठव्या वर्षी, तिथीच्या आधी दोनच महिने, ती गेली. काविळीने गेली, पंधरा दिवसांत. शेवटी माझा उजवा हात हातात धरून पडली होती. सारखी त्या हाताकडे बघायची.

तिथीला मी एकटाच पुतळ्यावर गेलो. हात जोडले. चप्पल घातली. आणि तिथेच उभा राहिलो, कारण विचारणारं कोणी नव्हतं. लोक येत होते, उजव्या पायाला हात लावून जात होते. मला एवढं भडभडून आलं की शेजारचा एक म्हातारा म्हणाला, महाराजांवर प्रेम असावं तर असं. मी तिथून थेट बंदरावर चालत गेलो.

एक होडी वाळूत टेकण लावून उभी केली होती. पेंटर स्टुलावर बसून तिच्या नाकाडावर नाव काढत होता. वाकड्या बोटांत डब्याची कडी अडकवलेली, डाव्या हातात ब्रश. केस पांढरे झाले होते.

"पेंटर," मी म्हटलं.

त्याने वळून बघितलं. "आलात?" म्हणाला.

मी जवळ गेलो. "मला एक सांगायचंय. त्या दिवशी चौकात, तो पाइप..."

"तुमच्या हातात होता."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मार खाणाऱ्याला ठाऊक नसतं होय? डोकं तुमचं फिरलेलं, माझं जाग्यावर होतं." त्याने ब्रश डब्यात बुडवला. "आणि नसतं ठाऊक, तरी कळलंच असतं. दुसऱ्या दिवशी मावशी दवाखान्यात आल्या. खांदा सुजलेला त्यांचा, दगड लागला होता ना. पिशवीतून शर्ट काढला आणि माझ्या पायाशी ठेवला. म्हणाल्या, हा माझ्या मुलाचा. बाहीवर तुमची बोटं हायत, जुळवून बघा. पोलिसांत द्या, मी साक्षीला उभी राहत्ये."

मी स्टुलाशेजारी वाळूतच बसलो.

"मी देणार होतो," तो म्हणाला. "तुम्हाला आत टाकावं असं फार वाटत होतं. दयाबिया काही नव्हती माझ्या मनात. पण मावशी म्हणाल्या, दोन दिवस थांबाल काय? तो आपणहून येईल. माझा मुलगा हाय, येईल तो. मी म्हटलं, बरं, थांबतो. दोन दिवसांनी आल्या, म्हणाल्या आणखी दोन दिवस. मग म्हणाल्या, पुढच्या तिथीला आणत्ये. मग तिथीच्या तिथीला इथे यायच्या, बाजाराची पिशवी घेऊन, एकट्याच. मी विचारायचो, आला काय मावशी? म्हणायच्या, येईल."

मी डोकं गुडघ्यात घालून रडलो. आईसाठी रडलो, ती गेली तेव्हा रडलो नव्हतो इतका. त्याने मला रडू दिलं. समजूत घातली नाही आणि थांबही म्हणाला नाही. ब्रशचा लाकडावर घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

"त्यांना सांगितलंत कधी?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"नाही."

"हं," तो म्हणाला.

भरती चढायला लागली होती. मी डोळे पुसले आणि विचारलं, "शर्ट काय झाला तो?"

त्याने ब्रशच्या दांड्याने स्टुलाच्या पायाकडे दाखवलं. तिथे ब्रश पुसायचं फडकं पडलं होतं. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, एवढे थर बसले होते की ते कापड राहिलंच नव्हतं, पत्र्यासारखं कडक झालं होतं. कॉलरवरून ओळखलं. वरचं बटण आईने काळ्या दोऱ्याने लावलेलं होतं, घरात पांढरा नव्हता म्हणून.

"नेऊ मी?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "मला लागतो."

त्याने वाकून फडकं उचललं, ब्रश पुसला आणि पुढचं अक्षर काढायला घेतलं.